घरचं बी : आमच्या परसबागेच्या वर्षभराच्या नोंदी

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया

आज परसात आळी खणली. एकूण ११, प्रत्येक दीड हात खोल. भाऊजींनी पहार चालवली, ताईंनी आणि मी माती उपसली, मुलांनी घमेली वाहिली. तळाला वाळका पाला, त्यावर शेणखत, वर भाजलेली माती. आता पाऊस पडेपर्यंत आळी उन्हात तापू द्यायची.

ही वही का घातली ते आधी लिहून ठेवते. गेल्या नोव्हेंबरात भातकापणीनंतर वाल पेरायला ड्रम उघडला तर आत पीठ आणि भुंगे. भोक नसलेला एक दाणा सापडला नाही. हे वालाचं बी आजींच्या सासूबाईंच्या वेळेपासून या घरात होतं. दाणा बारीक, कडवा, आणि त्याच्या बिरड्याला जी चव येते ती बाजारच्या वालाला नाही. दरवर्षी बी भरून ठेवायचं काम आजींचं. २०२३च्या मार्चमध्ये त्या आजारी होत्या, म्हणून आम्हीच घाईने प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरलं. दाणा पुरता वाळलाय का हे बघायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. आजी आम्हांला काहीच बोलल्या नाहीत. ड्रममध्ये हात घालून मूठभर पीठ काढलं, वास घेतला आणि आत जाऊन बसल्या. त्या हिवाळ्यात खाचर रिकामं राहिलं.

आजी आता ८४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे ते आमच्यापैकी कोणालाही पुरतं ठाऊक नाही. म्हणून वर्षभर जे जे करू ते त्यांना विचारून करायचं आणि लिहून ठेवायचं. घरात आम्ही १० माणसं, मुंबईत धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. या १३ जणांची भाजी जमेल तेवढी परसातल्या दीड गुंठ्यातून काढायची, आणि वालाचं घरचं बी कुठूनही परत मिळवायचं.

२ जून

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, केलं. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन, गोमूत्र आणि बांधावरची मूठभर माती लागते. आपली जागा लहान, म्हणून सगळ्याचा दहावा हिस्सा घेतला. २० लिटरची बादली सावलीत ठेवलीय, सकाळ-संध्याकाळ ढवळायची जबाबदारी पुतण्याने स्वतःहून घेतली.

उद्या निसर्ग वादळाला ४ वर्षं होतील. ३ जून २०२०ला ते अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं, त्या दुपारी परसातले दोन फणस, रायवळ आंबा आणि सुपारीची १७ झाडं आडवी झाली. बाबा कितीतरी दिवस परसात पाऊल टाकत नव्हते. आज भाजीला जे ऊन मिळतंय ते त्या पडलेल्या झाडांच्या जागेवरचं आहे. बाबांनीच आज तिथे दोरी धरून वाफे आखले.

९ जून

मृगाचा पाऊस लागला. बिया लावल्या: पडवळ, शिराळी, दुधी, कारली, काकडी, लाल भोपळा, वाफ्यांत भेंडी आणि लाल माठ, विहिरीच्या ओघळीला अळू.

आजींची पद्धत अशी. दुधी-पडवळाच्या बिया रात्रभर शेणकाल्यात भिजवायच्या. लावताना टोक खाली. एका आळ्यात चार बिया, चार दिशांना. बोटाचं एक पेर खोल, त्याहून जास्त नाही. रोपं दोन पानांची झाली की दोन ठेवायची, दोन काढायची. काढलेली टाकायची नाहीत, शेजारी द्यायची.

पडवळाचं बी ताईंच्या माहेरचं, काकडीचं आईंनी वळचणीला टांगलेल्या वाळक्या काकडीतलं. भेंडीचं तेवढं पाकिटातलं.

२२ जून

पाकिटातली भेंडी निम्मीच उगवली. घरच्या बिया जवळजवळ सगळ्या वर आल्यात. भेंडीची पुढच्या वर्षी सोय करायची: दोन झाडांवरच्या पहिल्या चांगल्या शेंगा न तोडता जून होऊ द्यायच्या.

आज ठाकूरवाडीतल्या मावशी शेवळं ही रानभाजी घेऊन आल्या. पावसाच्या तोंडाला दोन-तीन आठवडेच मिळतात, आणि आमच्या दारात त्या २० वर्षं येताहेत. सोबत काकडं ही आंबट रानफळंही आणतात, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. आईंनी आतला पिवळा भाग काळजीपूर्वक काढून टाकला, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतलं, वालाच्या डाळिंब्या घातल्या. डाळिंब्या बाजारच्या. जेवताना कोणी काही म्हटलं नाही, पण आजींनी त्या ताटाच्या कडेला सारलेल्या मी पाहिल्या.

मावशींना टोपलीभर आंबे दिले. पुढच्या खेपेला टाकळा आणि कुर्डू आणते म्हणाल्या.

५ जुलै

काकडी आणि भोपळ्याच्या कोवळ्या पानांना चाळणीसारखी भोकं. लाल भुंगेरे. सकाळी पानं ओली असताना चुलीची राख चाळून भुरभुरायची, हा आजींचा उपाय. राख ओल्या पानाला चिकटते. पण पाऊस आला की धुऊन जाते, म्हणून रोज करावं लागतं. मी आणि माझी मुलगी शाळेआधी पाऊण तास तेच करतो. ती भुंगेरे वेचून साबणाच्या पाण्यात टाकते, आज ४३ मोजले.

२१ जुलै

काल रात्री मांडव बसला.

चार दिवस पाऊस ओतत होता. जुन्या बांबूंच्या बुडाला कीड होती हे बाबांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, आम्ही यंदा चालून जाईल म्हणालो. रात्री साडेदहाला करकर आवाज आला आणि पडवळ-शिराळ्याचा अर्धा मांडव वाकला. वेल तुटले असते तर मोसमच गेला असता. भाऊजी आणि हे दोघं खांद्यावर मांडव तोलून चिखलात उभे राहिले. ताई बॅटरी धरून. बाबा गोठ्यातून दोन वासे घेऊन आले. आई आणि मी सुंभाने बांधत होतो, हात इतके गार पडलेले की गाठ बसेना. आजी मागच्या दारातून सांगत होत्या, "वेल ओढू नका गो, मांडव उचला, वेल आपसूक येतील." तसंच केलं. एक वेल मुळापासून गेला, बाकीचे वाचले.

साडेबाराला सगळ्यांनी चुलीपाशी बसून कुळथाचं पिठलं आणि गरम भात खाल्ला. असा भात मी कितीतरी दिवसांत खाल्ला नव्हता.

१५ ऑगस्ट

दुधीला फुलं भरपूर, फळ धरत नव्हतं. बारीक दुध्या पिवळ्या पडून गळायच्या. आजींनी संध्याकाळी मला मांडवाखाली नेलं.

दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर उमलतं. नर फुलाचा देठ लांब, बारीक. मादी फुलाच्या खाली बोटाएवढी, लव असलेली दुधी आधीच असते. रात्रीचे पतंग एकाचं पराग दुसऱ्यावर नेतात, पण सतत पाऊस असला की पतंगही फिरकत नाहीत. मग ते काम आपण करायचं. नर फूल तोडून पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आतल्या गड्ड्यावर हलक्या हाताने टेकवायचा. आजींची बोटं आता थरथरतात, पण फुलाला टेकताना थरथर थांबते. पाच फुलं त्यांनी केली, सहा मी. ओळखायला देठांना लाल दोरा बांधलाय.

पडवळं दीड हाताची झालीत. टोकाला दोऱ्याने दगड बांधलेत म्हणजे सरळ वाढतील. कारल्याला फळमाशी लागलीय. डंख मारलेली १४ फळं काढून खोल पुरली, नुसती बाजूला टाकली तर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. क्यू ल्यूरचे, म्हणजे माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचे, दोन सापळे टांगले. त्यांत नर माश्याच अडकतात, म्हणून नव्या फळांना कागदाच्या पिशव्याही घातल्या.

(२४ ऑगस्टची भर: लाल दोऱ्याच्या ११ पैकी ८ दुध्या धरल्या.)

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

वर्षातला माझा सगळ्यांत आवडता स्वयंपाक आज. ऋषीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, हाताने लावलेलं आणि आपसूक उगवलेलंच. परसातून अळू, लाल माठ, पडवळ, शिराळी, भेंडी, भोपळा, काकडी. कणसं शेजारून, सुरण आईंनी कुंपणाकडेचा खणला. तेल नाही, फोडणी नाही, मीठ-मिरची, थोडी चिंच आणि वरून ओलं खोबरं. अशा भाजीत लपायला काही जागा नसते, भाजी ताजी नसेल तर पहिल्या घासाला कळतं.

गणपतीसाठी धाकटे भाऊजी-जाऊबाई आलेत. त्यांचा मुलगा ६ वर्षांचा. मुंबईत ताटात आलेलं पडवळ तो बाजूला काढतो. आज सकाळी त्याने स्वतः दगड सोडून पडवळ उतरवलं, त्याच्याहून लांब. दुपारी वाटी पुढे करून म्हणाला, "माझं पडवळ अजून आहे का?"

जाताना त्यांना पिशव्या भरून दिल्या. पावसाळ्यात मांडवा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद असतात, तेव्हा दर शनिवारी भाजीची पिशवी कोणाबरोबर तरी रो-रोने, गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, भाऊच्या धक्क्यावर जाते. जून ते ऑगस्ट एकही शनिवार चुकला नाही.

२० ऑक्टोबर

लिहायला हात थरथरतोय, इतका आनंद झालाय.

वालाचं बी आत्यांकडे मिळालं!

आत्या म्हणजे बाबांची बहीण, पेणच्या बाजूला दिलेल्या. गुडघ्यांमुळे त्यांचं येणं कमी झालंय, आणि त्या वाल करत असतील हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आज दसऱ्याचं सोनं द्यायला आम्ही गेलो, आजीही हट्टाने गाडीत बसल्या. बोलता बोलता बियाचा विषय निघाला. आत्या उठल्या, माळ्यावरून मडकं काढायला लावलं, तोंडावरचं शेण-मातीचं लिंपण फोडलं आणि राखेतून मूठभर दाणे आजींच्या ओंजळीत ओतले. म्हणाल्या, "आई, लग्नात तूच दिलेलंस, ओटीत बांधून. ४६ वर्षं मोडलं नाही."

आजींनी एक दाणा दाताखाली फोडला. मग मान हलवली. बराच वेळ आई-लेकी बोलल्या नाहीत.

एक पायली, म्हणजे चार शेर, बी घेऊन आलो. गाडीत पुतणीने शाळेत वाचलेलं सांगितलं: अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्या राखेत ठेवतात का?" पुतणी उद्या बाईंना विचारणार आहे.

१० नोव्हेंबर

चूक झाली, आणि ती माझी आहे.

भात कापून झालं. आजी म्हणत होत्या अजून चार दिवस थांबा, परतीच्या पावसाची ओल वर आहे. मला बी परत मिळाल्याची घाई. ३ तारखेला चार गुंठ्यांपैकी दोनात टोकण करून टाकली. आज उकरून पाहिलं तर दाणे फुगून मऊ पडलेत, काहींना बुरशी. दोन गुंठ्यांतले जेमतेम शे-सव्वाशे कोंब जगलेत. अर्धी पायली बी मातीत गेलं, तेही कोणतं बी!

संध्याकाळी आजींनी मला खाचरात नेलं आणि वाफसा दाखवला. दोन बोटं खालची माती मुठीत घट्ट दाबायची. मूठ उघडली की गोळा राहायला हवा. बोटांमधून पाणी आलं किंवा तळवा चिकट झाला तर लवकर आहे. गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकायचा. पसरट होऊन चिकटला तर थांबायचं, तीन-चार ढेकळांत फुटला तर पेरायचं, भुगा झाला तर उशीर झाला. वालाला नंतर पाणी देत नाही, भाताच्या ओलीवरच तो पुढचे तीन महिने काढतो, म्हणून हा एक दिवस चुकवायचा नसतो. मी दहा वेळा गोळा टाकून पाहिला. बांधाजवळ चिकटतो, मधे फुटतो. एकाच खाचरात दोन वाफसे.

११ नोव्हेंबर

मधले दोन गुंठे पेरले. बांधाकडची कड चार दिवसांनी. उरलेलं बी अगदी जपून, एका ठिकाणी एकच दाणा.

१ डिसेंबर

सगळीकडे दोन पानं. दव भरपूर पडतंय.

१५ डिसेंबर

पांढऱ्या कांद्याची रोपं लावली, विहिरीजवळच्या पाऊण गुंठ्यात. भौगोलिक मानांकन मिळालेला हाच तो अलिबागचा गोडसर कांदा. फेब्रुवारी-मार्चला काढून वेण्या घालायच्या. वेणी आईंसारखी कोणाला जमत नाही, यंदा शिकायची आहे.

१३ जानेवारी २०२५, भोगी

भोगीच्या भाजीत वालाचे ओले दाणे घरचे. बाजरीची भाकरी, तीळ लावून. वालाचं एक झाड उपटून मुलांना मुळांवरच्या गाठी दाखवल्या. नखाने फोडली की आत गुलाबी. त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र मुळांपाशी धरून ठेवतात, तेच पुढच्या भाताला मिळतं. बाबा म्हणाले, गेल्या वर्षी वाल नव्हता म्हणून यंदा त्या खाचरातलं भात फिकट होतं. मला भात कापताना दिसलं होतं, कारण आज कळलं.

२५ जानेवारी

पोपटी! मुंबईचे तिघं आले, आत्याही आल्या. बांधावरचा भांबुर्डा पोरांनी भारे भरून आणला. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा शेंगा, मधे बटाटे, कोनफळ, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. तोंडाशी भांबुर्डा इतका दाबून बसवला की उलटं केलं तरी दाणा पडू नये. मडकं शेतात पालथं घालून भोवती गोवऱ्या, पेंढा, काटक्या. पाणी एक थेंबही नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं.

अर्ध्या तासाने भाऊजींनी मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्रकन उडून गेलं, म्हणजे झालं. पाला काढला तेव्हा जो वास आला तो लिहिता येत नाही: धूर, ओवा आणि भांबुर्ड्याचा कडवट हिरवा वास. शेंग दोन बोटांत दाबली की दाणा आपण होऊन तोंडात येतो. १४ माणसं एका चटईभोवती, कोणी बोलत नव्हतं, नुसता टरफलांचा ढीग वाढत होता. आजींना दात थोडे, ताई त्यांना दाणे सोलून देत होत्या. त्यांनी किती खाल्ले ते मी मोजले नाहीत.

खाचरातला मधला एक गुंठा दोरी बांधून राखून ठेवलाय. तिथली एकही शेंग तोडायची नाही. पोपटीच्या रात्रीही कोणी तोडली नाही.

२ मार्च

कांदा निघाला. आईंबरोबर ७ वेण्या घातल्या, त्यांतली एक पूर्ण माझी. पात ओलसर असतानाच गुंफायची, वाळली की तुटते.

९ मार्च

वाल झोडून, पाखडून झाला. ६ पायल्या. बियासाठी राखलेला दीड पायली वेगळा काढला.

बी भरण्याची रीत, आजींनी सांगितली तशी: पाच दिवस कडक ऊन, रोज संध्याकाळी दाणे घरात. वाळला का ते दाताने बघायचं. दाणा दबला तर नाही, कट् करून फुटला तर झाला. ऊन खाल्लेला दाणा लगेच भरायचा नाही, रात्रभर सावलीत निववायचा, गरम भरला तर आत घाम धरतो. गोवऱ्यांची राख चाळून, दाणा दिसेनासा होईल इतकी चोळायची. मडक्याच्या तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला, वरही पाला. तोंडाला फडकं, त्यावर शेण-मातीचं लिंपण. माळ्यावर, चुलीच्या बाजूला. २०२३ला यातलं आम्ही ऊन तेवढं दिलं होतं, तेही दोनच दिवस.

आजी या वेळी खाटेवर बसून होत्या. चोळणं माझ्या हातचं, दाताने बघणं ताईंच्या, लिंपण पुतणीच्या. त्यांनी फक्त एकदा, "तळाला अजून पाला घाला," म्हटलं.

आत्यांना उसनं घेतलेलं सवाईने परत करायचं होतं, एक पायलीचे सव्वा. त्या बाबांबरोबर दुपारी आल्या. तोवर काल भिजवलेल्या वालाला मोड आले होते, ते कोमट पाण्यात घालून सगळ्या ओटीवर सोलायला बसलो, साली एकीकडे, डाळिंब्या परातीत. सोलून झाल्यावर आजींनी शेर मागवला. पाच शेर स्वतः मोजले, प्रत्येक शीग लावून, दाणे घरंगळेपर्यंत. शेवटच्या शेरावरची शीग आत्यांनी तळहाताने अलगद खाली ओढली आणि आमच्या मडक्यात परत टाकली.